पाण्याची घंटा

मित्रांनो, मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. हातभर लांब, एका टोकाला भोक पाडलेला. शाळेच्या अंगणातल्या कडुनिंबाला तारेने टांगलेला जो वरून सोनेरी, आतून गंजका ठोकळा तुम्ही येता-जाता बघता, तो मीच. आज मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे. खरं तर ती माझ्यापेक्षा वाल्मीकनानांचीच जास्त आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतात ती अमळनेरच्या बाजूची वर्षं. खाली खडी, वर मालगाड्या, आणि उन्हाळ्यात अंग चटके देईल इतकं तापलेलं. माझी कड झिजली तेव्हा मला कापून बाजूला टाकलं. तिथे रोजंदारीवर काम करणाऱ्या वाल्मीकने मुकादमाला विचारलं, "हा तुकडा नेऊ का? आमच्या गावाला घंटा नाही." मुकादम हसला आणि म्हणाला, "ने."

गाव तरी कुठे होतं तेव्हा? तापीकाठचं जुनं मोहरखेडे धरणाच्या पाण्यात जाणार होतं. लोकांनी घरांची लाकडं, पत्रे, चौकटी बैलगाड्यांवर लादून या उंचवट्यावर आणल्या होत्या. इथे नुसता मुरूम होता. झाड नाही, विहीर नाही. चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते. वरच्या रांगेत मोठे शेतकरी, आणि उताराला, सगळ्यात शेवटी, वाल्मीकची बौद्ध वस्ती. नदीचा काठ सोडून आलेल्या त्या माणसांना पाणी टँकरने मिळे, तेही दिवसाआड.

वाल्मीकने चौकात एक खांब रोवला आणि मला टांगलं. तेव्हा माझं काम शाळेची घंटा होणं नव्हतं. टँकर वळणावर दिसला की वाल्मीक मला लोखंडी कांबीने ठोकायचा, आणि सगळं गाव हंडे-कळश्या घेऊन धावायचं. मला फार अभिमान वाटे. बायका म्हणायच्या, "घंटा वाजली म्हणजे जीव भांड्यात पडतो." अशी स्तुती रुळावर असताना माझी कोणी केली नव्हती.

वाल्मीकची एक मुलगी होती, संघमित्रा. सात वर्षांची. तिची आई लिलाबाई मजुरीला गेलेली असे, म्हणून पाण्याला तीच यायची, कडेवर पितळी कळशी घेऊन. वस्ती लांब, त्यामुळे तिला सगळ्यांपेक्षा जास्त पळावं लागे. तरीही ती पुढे असायची. आली की आधी माझ्याकडे बघून विचारायची, "बाबा, मी कितवी?"

वैशाखातली सकाळ होती. तीन दिवस टँकर आला नव्हता. तो वळणावर दिसला तेव्हा वाल्मीकने मला इतक्या जोरात ठोकलं की माझ्या अंगातून कळ गेली. माणसं धावली. संघमित्रा चौथी आली आणि टँकरच्या मागे, तोटीजवळ उभी राहिली. तिच्या पाठीमागे वरच्या रांगेतला आठ वर्षांचा प्रेमराज होता. प्रेमराजचे वडील रुपचंदआबा गावातले मोठे गृहस्थ. त्यांनी ओट्यावरून चालकाला हात केला. "मागे घे. आमच्या दाराशी लाव आधी."

चालकाने टँकर मागे घेतला. प्रेमराज बाजूला उडी मारून वाचला. संघमित्राच्या कडेवर कळशी होती.

मित्रांनो, पुढचं मी तुम्हाला सांगणार नाही. एवढंच सांगतो, की वाल्मीकच्या हातात अजून कांब होती. संघमित्राला उचलून घेताना तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मी वाजाडी नसती तं ती पयनी नसती." मी घंटा वाजवली नसती, तर ती धावली नसती.

मी लोखंड आहे. मला रडता येत नाही.

कागदावर लिहिलं गेलं, की मुलगी खेळता खेळता गाडीखाली आली. रुपचंदआबांचं नाव कुणी घेतलं नाही. वाल्मीकनेही नाही. त्याला त्याच गावात राहायचं होतं. पावसाळ्यात त्याने त्या जागी कडुनिंबाचं रोप लावलं. गावात पाणी नसताना तो तोंड धुतलेलं पाणी तांब्यात साठवून आणायचा आणि रोपाला घालायचा. पुढे तिथे शाळा झाली, वाल्मीक शिपाई झाला, आणि झाड पुरेसं मोठं झाल्यावर त्याने मला खांबावरून काढून त्याच्या फांदीला टांगलं. तीस वर्षं त्याने मला वाजवलं. शाळा भरताना, सुटताना. पण पुन्हा कधी जोरात नाही.

लिलाबाई मात्र या अंगणात कधी आली नाही. नवऱ्याचा डबासुद्धा ती फाटकाबाहेरूनच द्यायची.

वाल्मीक निवृत्त झाला, विजेची बेल आली. माझ्या तारेवर फडकी वाळू लागली. एका दिवाळीत कुणीतरी मला भंगारात द्यायला निघालं होतं, पण तार गंजून फांदीत रुतली होती, म्हणून राहिलो. तिकडे गाव वाढलं. केळीचे ट्रक भरू लागले, नगरपंचायत झाली, आणि यंदा गाव वसल्याला पन्नास वर्षं झाली.

सुवर्णमहोत्सव ठरला. गावाचा इतिहास सांगणारी स्मरणिका काढायचं ठरलं, आणि ती लिहायचं काम प्रेमराज सरांकडे आलं. होय, तेच प्रेमराज. आता ते निवृत्त शिक्षक आहेत. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी घ्यायला ते याच झाडाखाली खुर्ची टाकून बसले. वाल्मीकनाना काठी टेकत आले. पहिली घंटा, पहिलं घर, पहिली विहीर, सगळं त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, "सर, बठ्ठं लिखा. पन मन्ही पोरनं नाव बी लिखा. दोन ओयी. नवा गावमा पहिला जीव तिन्हा गया." सगळं लिहा, पण माझ्या पोरीच्या नावाच्याही दोन ओळी लिहा, एवढंच मागणं.

प्रेमराज सरांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "बघतो नाना. आनंदाचा सोहळा आहे. जरा विचार करून लिहावं लागेल."

"वडिलांसनं नाव नका लिखू," नाना म्हणाले. "फक्त तिन्हं लिखा."

सरांनी वही मिटली.

सोहळ्याच्या दिवशी मला सोनेरी रंग फासला, झेंडूची माळ घातली. स्मरणिका वाटली गेली. शाळेच्या मुख्याध्यापिका सारिकाबाईंनी माझ्याजवळ उभं राहून गावाच्या स्थापनेचं पान वाचून दाखवलं. त्यात रुपचंदआबांचा फोटो होता. मजकुरात होतं, "स्थलांतर अत्यंत शांततेत, कोणतीही हानी न होता पार पडले."

मग पन्नास टोल देण्यासाठी वाल्मीकनानांना बोलावलं. खांद्यावर शाल घातली, हातात कांब दिली. ते माझ्यासमोर उभे राहिले. मी वाट बघत होतो. त्यांनी कांब उचलली, आणि हळूच खाली मातीत ठेवली.

"मना हात उठत नही," ते म्हणाले.

लोकांना वाटलं, वय झालं. टाळ्या वाजल्या. सारिकाबाईंनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. टोल दुसऱ्याच कुणीतरी दिले. पन्नास. मला ते मोजावेसे वाटले नाहीत.

वाल्मीकनाना त्यानंतर अकरा दिवसांनी गेले. वस्तीतल्या विहारात पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लिलाबाई फाटकातून आत आली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. सारिकाबाईंनी खुर्ची आणली, पण ती झाडाच्या बुंध्याशी जमिनीवरच बसली. मातीवर तळवा ठेवून बराच वेळ बसली.

प्रेमराज सर तिला शोधत आधी तिच्या घरी गेले होते, तिथून इकडे आले. त्यांच्या काखेत स्मरणिकांचा गठ्ठा होता. ते तिच्यासमोर, तसेच मातीत बसले. म्हणाले, "काकू, सगळ्या प्रतींत एक कागद चिकटवतोय. घरोघरी जाऊन. तुम्हाला आधी दाखवायचा होता."

"वाची दाखाड," ती म्हणाली.

सरांनी वाचलं. "आमच्या इतिहासात एक नाव मुद्दाम वगळले गेले. संघमित्रा वाल्मीक, वय सात, ही पाण्यासाठी आली असताना टँकरखाली मरण पावली. टँकर मागे घ्यायला माझ्या वडिलांनी सांगितले होते. मी तिच्या मागे उभा होतो. वाल्मीकनानांनी विचारले तेव्हाही मी लिहिले नाही."

लिलाबाईने कागद हातात घेतला. उलटा होता, सरांनी सुलटा करून दिला. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं.

"यामा तिन्हं नाव कोठे शे?"

सरांनी बोट ठेवून दाखवलं.

"माले वाचता नही येत," ती म्हणाली. "तिले येवाले लागेल व्हतं." संघमित्राला वाचता यायला लागलं होतं.

मित्रांनो, तुम्ही याच अंगणात वाचायला शिकता. गावाचा वाढदिवस जरूर करा, कमानी उभारा, मलाही हवं तर रंग लावा. पण एखाद्या म्हाताऱ्या माणसाने, माझं एवढं एक नाव लिहा म्हटलं, तर त्याला उद्या या म्हणू नका. तो असतानाच लिहा.