गुडघ्याखालचा तक्क्या

मी एक तक्क्या. कापसाचा, लांबट. शाळा काही शिकलो नाही. माणसं टेकली तेवढ्यात जे कळलं तेच सांगतो, सावकाश.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. पडेगावच्या रामकिसनच्या लग्नासाठी शहागंजातल्या हबीब पिंजाऱ्यानं मला भरलं. वर थाप मारून म्हणाला, "भाऊ, नातवंडं टेकतील याला."

पुढं वीस-बावीस वर्षांनी रामकिसनच्या बायकोला, चतुराबाईला, संधिवातानं धरलं. सकाळी मूठ वळेना, गुडघे टम्म. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, तरी कळ राहायची. एका संध्याकाळी रामकिसननं मला तिच्या गुडघ्यांखाली सरकवलं.

"बरं वाटतंय का?"

"लई बरं."

तेव्हापासून मी तिथंच. शेजारणी म्हणायच्या, "नवरा असावा तर असा!" मी आतल्या आत फुगायचो. माझ्यावर तिच्या गुडघ्यांचे दोन खळगे पडले. तिकडं गुडघे वाकल्या जागी आखडत चालले होते. मला ते कळत होतं. पण मऊ राहण्यापलीकडं मला काही येत नव्हतं.

चार घरं पलीकडं तिची बहीण द्वारकाबाई. पाय टाकता येईना, म्हणून दोन वर्षं चतुराबाईला तिचा उंबरा दिसला नाही.

मग दवाखान्यातून व्यायाम शिकवणाऱ्या अमिनाबाई आल्या. पाय सरळ करू गेल्या, होईनात.

"हा तक्क्या कोण ठेवतं?"

"मीच की!" रामकिसन कौतुकानं म्हणाला.

बाई त्याच्याकडं वळल्या. "काका, दुखणं तुमच्यामुळं आलं नाही. पण सारखा तक्क्या ठेवून गुडघे आखडलेत."

रामकिसननं घाईनं मला गुडघ्यांखालून ओढून काढलं. मला तर तोंड लपवायलाही जागा नव्हती.

बाईंनी मला तिच्या टाचांखाली ठेवलं. गुडघा खाली दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचा. सूज गरम असेल त्या दिवशी हलकंच, पण रोज. मोजायचं काम रामकिसनकडं.

"एक, दोन, पाच!"

"अहो, तीन-चार कुठं खाल्ले?"

"तुझं तोंड बघवंना गं."

"मग भिंतीकडं बघा. मला द्वारकीकडं जायचंय."

तो भिंतीकडं तोंड करून मोजू लागला. पुरते पाच.

सात-आठ महिन्यांनी ती काठी टेकत निघाली. चार घरांवरून द्वारकाबाईचा आवाज मला घरात ऐकू आला, "आल्या का महाराणी! पालखी कुठं सोडली?" आणि मग दोघींचं रडणं.

डावा गुडघा सुटला. उजवा थोडा वाकलेलाच राहिला.

परवा माझा कापूस पिंजून पुन्हा भरला. माझे खळगे तासाभरात गेले. तिचा उजवा पाय अजून तसाच.

बाबांनो, ज्याच्यावर जीव आहे त्याच्या गुडघ्याखाली मला सारखं ठेवू नका. आधी जाणत्याला विचारा.

चतुराबाई अजून मला थोपटते. म्हणते, "लई आधार दिला बिचाऱ्यानं." तिनं एकदा तरी शिवी घातली असती, तर मला जरा हलकं वाटलं असतं.