ग्राफमधले खड्डे

मुलांनो, डोळे मिटा आणि समोर एक भिंत उभी करा, तुमच्या बिल्डिंगच्या भिंतीहून कितीतरी जाड. पलीकडे धातूची नळी आहे. तिच्यात खडूच्या तुकड्यांएवढ्या इंधनाच्या गोळ्या एकीला एक लावून भरल्या आहेत. अणुभट्टीत त्या वापरून झाल्या, तरी त्यांतून घातक गॅमा किरण सुटत असतात. जवळ जायची सोय नाही. मग भिंतीत एक बारीक फट ठेवतात, नळी तिच्यासमोरून हळूहळू सरकवतात आणि अलीकडचं यंत्र किरण मोजतं. ज्या भागातून किरण जास्त, तिथलं इंधन जास्त वापरलं गेलं.

निधीची अस्मिता मावशी हेच काम करायची. म्हणून मुलुंडच्या शाळेतल्या प्रदर्शनासाठी सातवीतल्या निधीने याचंच मॉडेल केलं. जोडीला जान्हवी. पारदर्शक नळीत दिव्यांची माळ, एकेक दिवा म्हणजे एकेक गोळी. टोकांचं इंधन कमी वापरलं जातं, म्हणून तिथल्या दिव्यांवर बटर पेपर. पुढे फट पाडलेला काळा पुठ्ठा आणि फटीमागे उजेड मोजणारा मोबाइल.

मोजायचं काम जान्हवीने केलं. तिचा ग्राफ बघून निधी वैतागली.

"हे काय गं? खड्डेच खड्डे! रस्ता आहे का आपला?"

"मी परत परत मोजलं ना! खड्डे तिथेच येतात."

"तुझा हात थरथरतो, यार. मावशीने तिच्या ग्राफचा फोटो पाठवलाय ना, त्यात बघ, कसा गुळगुळीत आहे."

निधीने स्वतःच गुळगुळीत ग्राफ काढला. वर नीलम टीचरना सांगितलं, "जान्हवीचा हात हलतो, माहिती मीच सांगते." अख्ख्या वर्गाने ते ऐकलं. तेव्हापासून पोरं जान्हवीला 'व्हायब्रेट मोड' म्हणू लागली. प्रदर्शनाच्या दिवशी ती टेबलाशी आलीच नाही. दाराजवळ पाहुण्यांना पाणी देत उभी राहिली.

मावशी आली, मॉडेल बघून खूश झाली. मग ग्राफवर वाकली.

"झकास. पण सांधे कुठे गेले गं?"

"कसले सांधे?"

"दोन गोळ्यांच्या मधे किरण कमी येतात. तुझ्या दोन दिव्यांच्या मधे उजेड कमी. तिथे ग्राफ खाली जाणारच."

"पण तुझ्या फोटोत..."

"तिथे फट रुंद होती, म्हणून सगळं मिसळलं. तुझी फट तर छान बारीक आहे. ग्राफ गुळगुळीत आलाच कसा?"

मावशी रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उत्तराची वाट बघत होती. निधीची नजर दाराकडे गेली. एक मुलगा पेला परत देताना मुद्दाम हात थरथरवत होता आणि जान्हवी खाली बघून तो पेला घेत होती.

"आला नव्हता," निधी पुटपुटली. "मी काढला. जान्हवीचा बरोबर होता."

"हे मला सांगून काय उपयोग?"

तेवढ्यात नीलम टीचर परीक्षकांना घेऊन आल्या. मागे सातवीची निम्मी मुलं. "हं निधी, सांग."

निधीने आपला ग्राफ बोर्डावरून काढला. "टीचर, हा खोटा आहे. जान्हवीचा हात हलला नव्हता. मीच खोटं बोलले," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला, की मागच्यांना ऐकू गेलं नाही. म्हणून ती परत म्हणाली, मोठ्याने. मग सगळ्यांच्या मधून चालत दारापर्यंत गेली आणि जान्हवीच्या हातातला पाण्याचा ट्रे स्वतःकडे घेतला.