तेरा आठवडे घरी

कैयाने ड्रायरमधून ऊन ऊन कपड्यांचा गठ्ठा ओढून टेबलावर टाकला आणि फोन खांद्याने कानाशी दाबून धरला.

"कोडी, खरं सांगते, लोरेन आठवड्याला सोळाशे द्यायला तयार आहे. आता तू बघ बाबा तुझं."

दुसऱ्या एजन्सीच्या लोरेनने पंधराशेच्या पुढे एक डॉलर म्हटला नव्हता. पण आठ वर्षं गावोगाव फिरून नर्सचं काम करणाऱ्या बाईला एवढी थापही मारता येत नसेल, तर तिने हा धंदा करूच नये. तेरा आठवडे एक हॉस्पिटल, पुढचे तेरा भलतंच, आणि दर खेपेला दोन एजन्सींना एकमेकींच्या अंगावर सोडायचं. पहिल्या आकड्याला हो म्हणणारीला या धंद्यात सगळ्याजणी वेडी म्हणतात.

"अगं, पण ते तुझंच गाव ना?" कोडी म्हणाला. त्याची एजन्सी नवी होती, आवाजही तसाच. "स्वतःच्या गावात काम घेतलंस, तर राहण्याचा भत्ता देता येत नाही मला. आहेस तिथे, टूसॉनच्या उन्हातच थांब, जवळजवळ दुप्पट देतो. त्या बर्फात कुठे मरायला जातेस?"

"मरायला नाही, राहायला जातेय. तू आकडा बोल."

"साहेबांना विचारतो. उद्या सांगतो."

गाव म्हणजे मिशिगनच्या पार वरच्या टोकाचं, लेक सुपिरियरच्या काठावरचं. तिथे तिचे वडील, ब्याऐंशी वर्षांचे रेनो निएमेला, एकटे राहायचे. आई गेल्यावर कैयाची माडीवरची खोली त्यांनी भाड्याने दिली होती. सध्या तिथे जॉर्जियाची टमिका होती. तीही अशीच फिरती नर्स, गावच्याच हॉस्पिटलात. या महिनाअखेर तिची मुदत संपत होती. "पोरगी जाणार आता," रेनो फोनवर म्हणाले होते, "मग पुन्हा मी आणि माझा रेडिओ." कैयाने त्याच दिवशी दोन्ही एजन्सींना विचारलं, तर टमिकाची जागा खरोखरच यादीवर आली होती. मागच्या खेपेला तिथे जागा निघाली, तेव्हा कैया ऑरेगनमध्ये करारात अडकली होती.

वडिलांना तिने यातलं काही कळू दिलं नव्हतं. दारात बॅग घेऊन उभं राहायचं, आणि ते चष्मा पुसत "कोण आहे?" म्हणतील तेव्हा काहीच बोलायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. शनिवारी परसातली सौना, म्हणजे वाफेने न्हायची लाकडी खोली, पेटवायची, त्या वाफेत लालेलाल होऊन बर्फात यायचं, मग त्यांच्या हातची कडू कॉफी. रात्री भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकत झोपायचं. एवढंच हवं होतं तिला.

मग सरळ हो का म्हणत नव्हती? सवय, दुसरं काय!

कपड्यांच्या घड्या घालून होईतो लोरेनचा फोन आला. ओमाहाची ही बाई साठी उलटलेली. कैयाचे बहुतेक करार तिनेच केलेले, पण तोंड अजून दोघींनी एकमेकींचं पाहिलं नव्हतं.

"काय गं भवाने, त्या पोराला नाचवतेयस ना?"

"तो सोळाशे पन्नास म्हणतोय."

"म्हणतोय तर! मला शिकवतेस होय? ऐक, पंधराशेवर हो म्हण, आत्ता तुझं नाव पाठवते. अशा जागा लोणच्यासारख्या मुरत ठेवायच्या नसतात."

"सोळाशे पन्नास, लोरेन."

"हट्टी मेली. उद्या बघते."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोडी सोळाशेवर आला, आणि लोरेनने कुरकुरत वर पन्नास टाकले. कैयाने लोरेनला हो म्हटलं. "पाठवते नाव. आता जरा माझा जीव सोड," म्हणून लोरेनने फोन ठेवला. हॉस्पिटलच्या आवारात गाडीत बसल्या बसल्या कैया एकटीच हसली. दारात बॅग घेऊन उभं राहीपर्यंत गप्प बसणं तिच्याच्याने होईना. तिने घरी फोन लावला.

"पप्पा, एक सांगायचंय."

"आधी माझं ऐक! टमिका राहतेय!"

"राहतेय म्हणजे?"

"म्हणजे इथेच, आणखी तेरा आठवडे. आज सकाळी हॉस्पिटलने विचारलं, आहे त्या पगारात थांबतेस का म्हणून. पोरीने उभ्या उभ्या हो म्हटलं. मी म्हटलं, वेडे, घासाघीस तरी करायचीस! आमची कैया असती, तर तिने घाम फोडला असता त्यांना. तर म्हणते, 'आजोबा, तेवढ्यात जागा गेली तर?'"

कैयाच्या फोनवर दुसरा फोन येत होता, लोरेनचा. जागा गेली, हेच ती सांगणार, मग उचलायचं कशाला? तिने तो वाजू दिला.

"शनिवारी सौना पेटवली," रेनो सांगत होते. "पहिल्यांदा घाबरली होती. आता माझ्याआधी जाऊन बसते आणि मलाच म्हणते, आजोबा, दार लावा!" ते हसले. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना तिने ऐकलं नव्हतं. तिला रडू आलं, त्यांच्यासाठी बरंही वाटलं, आणि बरं वाटलं याचा रागही आला.

"तू नाताळला ये हं," ते म्हणाले. "खोली नाही, पण सोफा आहे. हां, आणि तुला काय सांगायचं होतं?"

"काही नाही, पप्पा. सहजच केला होता. टमिकाला म्हणावं, त्या खोलीची खिडकी नीट बसत नाही. वारा सुटला, की खालच्या फटीत टॉवेल कोंबायचा. मी तेच करायची."

"ती होय? ती तिने आल्या आठवड्यातच दुरुस्त केली. आता मुळीच वारा येत नाही."