खरवडलेली लेबलं

शेषरावांच्या एचआयव्हीचा राग इंदूबाईच्या मनात आता उरला नव्हता. बारा वर्षं झाली त्याला. भांडून, रडून, माहेरी जाऊन ती परतही आली होती. तिची स्वतःची तपासणी दरवेळी निगेटिव्हच यायची. तिच्या पोटात आग होती ती सीमाची. सीमा मागच्या गल्लीतली विधवा, तिलाही तोच आजार. अकोट-अकोल्यात कोणी ओळखेल म्हणून दोघं औषधाला थेट अमरावतीला जायची, एकाच एसटीनं. परत निघताना बसस्टँडवरच बाटल्यांची लेबलं खरवडून टाकायची.

"तिच्यासंगं एवढं काय बोलता तुमी?"

"दवाईचं. तुले काय समजन त्यातलं?"

झालं! नेमकं हेच तिला झोंबायचं. नवऱ्याचं दुखणंसुद्धा दुसरीच्या वाट्याला गेलं होतं. एकदा तर मनात आलं, आपल्यालाही झाला असता तर बरं झालं असतं. मग तिनं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.

पोळ्याच्या आधी सीमाचा फोन आला. "वैनी, भाऊच्या छातीत जड होते. या आजारात अटॅकचा धोका जास्त रायते म्हणे. डॉक्टरनं ईसीजी काढाले सांगतला, पण हे ऐकूनच नाई राहिले. तुमी सांगा न."

"माह्या नवऱ्याच्या छातीचं तुले काहून मालूम?" इंदूबाई कडाडली. नंबरच ब्लॉक करून टाकला. शेषरावांना मात्र एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर सीमा खरी ठरली असती ना!

चौथ्या दिवशी शेषराव अंगणात कोसळले. अकोल्याच्या दवाखान्यात इंदूबाईनं आजार लपवला नाही, तेवढं बरं केलं.

"अटॅक आहे," डॉक्टर म्हणाले. "हृदयाची काही औषधं एचआयव्हीच्या काही गोळ्यांसोबत चालत नाहीत. कोणती गोळी घेतात?"

तिनं बाटली पुढे केली. बाटली कोरी. शेषराव बोलण्याच्या अवस्थेत नव्हते आणि औषधांची नोंद असलेलं सरकारी कार्ड त्यांनी कुठे दडवलं, देव जाणे.

"पांढरी आहे जी."

"पांढऱ्या तर सगळ्याच असतात, बाई!"

मग राग गिळून तिनं नंबर अनब्लॉक केला, सीमाला फोन लावला आणि डॉक्टरांच्या हातात दिला. सीमानं गोळीचं नाव, ती कधी बदलली, शेवटचा रिपोर्ट, सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टर भराभर लिहीत गेले. एवढं तोंडपाठ! इंदूबाई हात जोडून उभी होती आणि तशातही जळत होती.

डॉक्टरांनी फोन परत दिला. "पेशंटच्या मिसेस होत्या का या?"

"नाई जी. बायको मी आहो," इंदूबाई म्हणाली, आणि तिला स्वतःचंच बोलणं खोटं वाटलं.