दीड इंचानं खोटा

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. टेलरच्या गळ्यात लोंबकळतो ना, तो. पिवळा, साठ इंची, दोन्ही टोकांना पितळी टोपी. आणि दुसऱ्या कुणी माझी चुगली करण्याआधी मीच सांगून टाकतो, मी खोटा आहे. जन्मतः नव्हतो. कारखान्यातून निघालो तेव्हा पोलादी पट्टीशेजारी ठेवला असता, तर माझ्यात केसभरही फरक सापडला नसता. नांदेडच्या वजिराबादेत एका दुकानात मी माझ्या भावंडांबरोबर खोक्यात बसलो होतो. तिथून मला मुखेडच्या केरबानं उचललं, त्याला आता बावीस वर्षं झाली.

केरबाचं दुकान मुखेडच्या बसस्टँडजवळ. शिवायला तो बसायचा आणि काज-बटणं त्याची बायको उमाबाई करायची. जूनमध्ये शाळेचे गणवेश, लग्नसराईत नवरदेवांचे कपडे आणि एप्रिल लागला की जयंतीसाठी पांढरे शर्ट आणि निळे झेंडे. त्या दिवसांत केरबा जेवायलासुद्धा मशीनवरून उठत नसे. चौदा तारखेला वस्तीतले सगळे पुरुष त्याच्या हातचे कडक पांढरे शर्ट घालून मिरवणुकीला निघत. केरबा मात्र जुन्याच शर्टात. स्वतःसाठी शिवायला त्याला वेळच उरायचा नाही. अख्ख्या गावाला मी वेढा घातला, पण ज्याच्या गळ्यात राहिलो त्याच्या छातीवरून एकदाही फिरलो नाही, याचं मला फार वाईट वाटायचं.

माझा घात केला तो कात्रीनं. केरबाला एक सवय होती. काम संपलं की तो मला खिळ्याला टांगायचा आणि माझ्या खालच्या टोकाच्या भोकात दोरी ओवून तिला ती वजनदार कात्री अडकवायचा. म्हणजे दोन्ही वस्तू एकाच जागी सापडतात! त्याची सोय झाली, माझी मान ताणली गेली. वर्षानुवर्षं ती बया माझ्या टोकाला लटकत राहिली आणि मी हळूहळू लांब होत गेलो. माझा इंच इंचापेक्षा मोठा झाला. बेचाळीस इंच छाती माझ्यावर साडेचाळीसच दिसू लागली.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्या गावाचे कपडे घट्ट झाले असतील. अजिबात नाही! केरबा माणूसही माझ्यानंच मोजायचा आणि कापडही माझ्यानंच. माणूस मोजताना मी जेवढं कमी सांगायचो, तेवढंच कापड मोजताना जास्त द्यायचो. फिटंफाट. म्हणून केरबाचा एकच नियम होता, ज्या टेपानं माणूस मोजला त्याच टेपानं कापड मोजायचं. दुसऱ्या टेलरकडच्या मापाची चिठ्ठी कुणी आणली, तर तो ती परत करायचा. लोकांना वाटायचं, केरबाला लई गर्व झालाय. खरं कारण फक्त मला आणि त्याला ठाऊक होतं.

आता समीक्षाबद्दल सांगतो. केरबाची ही एकुलती एक मुलगी. लहानपणी टेबलाखाली बसून कातरणाच्या चिंध्या रंगांप्रमाणे लावायची. निळ्याशेजारी पिवळा ठेवला की निळा जास्त निळा का दिसतो, असं विचारून केरबाला भंडावून सोडायची. बारावी झाल्यावर तिनं जाहीर केलं की ती नांदेडला वस्त्रकला आणि डिझाइनची पदवी घेणार. तिचे काका आनंदराज जिल्हा परिषदेत नोकरीला. त्यांनी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणून दिली. उमाबाईचं काही म्हणणं नव्हतं. केरबा मात्र गोंधळला.

"शिवायचंच शिकायला नांदेडला जाऊन राहिली का? मशीन तर घरात हाय," तो म्हणाला.

"पप्पा, लोकं आणतील ते कापड तुम्ही शिवता. ते कापड कसं असावं, हे कुणीतरी ठरवतं की न्हाई? मला ते ठरवायचं हाय."

केरबानं हातातला शर्ट उलटा करून पाहिला, जणू त्याच्या आत ते ठरवणारा कुणी बसला होता. मग त्यानं हो म्हटलं. निघताना समीक्षानं आठवण म्हणून मला मागितलं. केरबानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि मला गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवलं.

मित्रांनो, कॉलेज म्हणजे काय गंमत असते! मला वाटलं होतं, तिथे रात्रंदिवस मापं चालत असतील. पहिले कित्येक महिने तर नुसती चित्रं. कापलेली भेंडी काढा, मोडलेली छत्री काढा, गोदावरीच्या घाटावर वाळत घातलेले कपडे काढा. पॅटर्न शिकवणारे विरूपाक्ष सर देगलूरचे. रेघ ओढण्याआधी डोळे वापरा, असं ते रोज बजावायचे. मग डाळिंबाच्या सालीनं कापड रंगवणं आलं, लाकडी ठशांनी छपाई आली आणि टेबलावर मावणारा छोटा माग आला. समीक्षानं पहिल्यांदा त्यावर वीतभर कापड विणलं, तेव्हा ते एका बाजूला आक्रसलेलं होतं. तरी तिनं ते गळ्याभोवती गुंडाळून होस्टेलभर मिरवलं, आणि मीही तिच्या खांद्यावर बसून मिरवून घेतलं.

तिच्या पुढच्या वर्गातली एक मुलगी सोलापूरला टॉवेलच्या किनारी आखायला लागली. एक मुलगा नाटकांचे पोशाख करू लागला. एक जण संगणकावर लहान मुलांच्या कपड्यांवरचे हत्ती-घोडे काढू लागला. बघता बघता समीक्षाच्या डोक्यात किती दारं उघडली! मापासाठी मात्र तिथे पोलादी पट्ट्या आणि नवे टेप होते. मी तिच्या टेबलावर नुसता शोभेला. थोडं वाईट वाटायचं, पण रोज नवं काही पाहायला मिळायचं, त्यामुळे रुसायला फुरसतच नव्हती.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक वस्त्र मुळापासून तयार करायचं होतं. कापड आपण विणायचं, रंगवायचं, बेतायचं आणि शिवायचं. परीक्षेला लातूरहून अंजू मॅडम येणार होत्या. हातमागाच्या कापडाचे कपडे करणारा त्यांचा मोठा स्टुडिओ होता आणि दरवर्षी त्या एकाच विद्यार्थ्याला कामावर घ्यायच्या. ती जागा समीक्षाला हवी होती. कॉलेजातून पदवी घेऊन परत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उघडायची नव्हती तिला.

तिनं विषय निवडला मुखेडच्या बाजारातला. तिची कोंडाबाई आत्या आठवडी बाजारात मिरच्या विकायची. मोबाईल ब्लाउजमध्ये, बटवा कमरेला, मिसरीची डबी कुठे ते तिलाच माहीत. ग्राहक उभा आणि आत्या स्वतःला चाचपत बसलेली. समीक्षानं ठरवलं, बाजारात बसणाऱ्या बाईसाठी साडीवर घालायची खिशांची बंडी करायची. मग ती मला घेऊन बाजारात गेली. मुखेडच्या बायकांना मुखेडचाच टेप, असं तिचं म्हणणं. मला तर आकाश ठेंगणं झालं! कितीतरी दिवसांनी मी कामावर होतो. मी आत्याला मोठ्या उत्साहानं वेढा घातला आणि वहीत माझा आकडा लिहिला गेला, साडेचाळीस.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. माप मी घेतलं आणि कापड कॉलेजच्या पोलादी पट्टीनं कापलं गेलं.

परीक्षेला दोन दिवस उरले असताना आत्या बंडी घालून पाहायला नांदेडला आली. मिरचीच्या लाल रंगाचं कापड, कडेला ज्वारीच्या कणसाची नक्षी आणि पाच खिसे. वर्गातल्या मुली पाहतच राहिल्या. आत्यानं बंडी चढवली. पदरावरून ती पुढे येईना. बटण एकीकडे आणि काज दुसरीकडे. आत्यानं श्वास ओढून धरला, तरीही नाही.

"पोरी, म्या सकाळपासून काय जास्ती खाल्लं न्हाई गं," आत्या अपराध्यासारखी म्हणाली.

विरूपाक्ष सरांनी वही पाहिली, कापड मोजलं आणि मग मला पोलादी पट्टीशेजारी अंथरलं. पट्टीवर बेचाळीस होते तिथे माझे साडेचाळीस. सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा कापायला कापड उरलं नव्हतं आणि दोन दिवसांत नवं विणून होणार नव्हतं.

समीक्षानं घरी फोन लावला. केरबानं तिला कात्रीची सगळी हकीकत सांगितली.

"आधी सांगायची लाज वाटली गं," तो शेवटी म्हणाला. "टेलरचा टेपच खोटा म्हणल्यावर टेलरला लोकं काय म्हणतील?"

आत्याला तेव्हा उलगडा झाला. तिनं समीक्षाला सांगितलं की टेप नांदेडला गेल्यावर केरबानं सगळ्या गावाला पुन्हा मापासाठी उभं केलं होतं. जुनी वही माझ्या इंचात लिहिलेली, म्हणून ती रद्द झाली होती. पोरीनं मागितला म्हणून त्यानं टेप दिला आणि वर्षभर लोकांची थट्टा सोसली. समीक्षा ऐकून खाली बसली. मग तिनं मला उचलून नीट गुंडाळलं. त्या क्षणी मी तिचा किती झालो, ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं केरबा आला. जयंती आठवड्यावर आली होती, दुकानात शर्टांचा ढीग पडला होता आणि तो कुलूप लावून आला होता. हातात कातरणाची पिशवी. त्याचं म्हणणं, दोन्ही बगलांना आतून कळी जोडू, म्हणजे चिंचोळी पट्टी. कुणाच्या बापाला कळणार नाही. समीक्षा बंडी हातात धरून कितीतरी वेळ पाहत राहिली. मग तिनं कात्री घेतली आणि दोन्ही बगला वरपासून खालपर्यंत उसवल्या. केरबाच्या तोंडचं पाणी पळालं.

"पप्पा, इथं नाडी लावू. बाळाच्या झबल्याला लावतो तशी. आत्या जाड होवो, बारीक होवो, ओढून बांधली की झालं. शेजारच्या बाईलाही बसंल."

केरबानं डोकं खाजवलं. मग पिशवीतून निळी पट्टी काढली आणि नाडी वळायला बसला. बापलेक एकाच मशीनवर आळीपाळीनं शिवत होते आणि आत्या त्यांना चहा आणून देत होती. मी मात्र थोडा नाराज होतो. माझ्याच डोळ्यांसमोर असा कपडा तयार होत होता ज्याला टेपच लागत नाही!

परीक्षेच्या दिवशी अंजू मॅडमनी बंडी आतून, बाहेरून, उलटी, सुलटी पाहिली. आत्यानं एकेक खिसा दाखवला आणि मिसरीची डबी चटकन लपवली. मॅडमनी ती बंडी स्वतः चढवली, नाडी ओढली. बारीक अंगाच्या मॅडमना ती तितकीच चापूनचोपून बसली. बगला उघड्या ठेवायची कल्पना कुठून सुचली, असं त्यांनी विचारलं. उत्तर सोपं होतं. अभ्यासातून सुचली, एवढं म्हटलं की झालं.

"कल्पना नंतर आली, मॅडम. आधी चूक झाली," समीक्षा म्हणाली आणि थांबली. पुढे बोलायचं तर बापाचं नाव घ्यावं लागणार होतं.

दाराशी उभा असलेला केरबा पुढे आला. "टेप माझा हाय, मॅडम. बावीस वर्षांचा. खोटा हाय. पोरीचं गणित बरोबर हाय."

समीक्षानं मग सगळं सांगितलं, कात्रीपासून कळीपर्यंत. मॅडमनी विचारलं की कळी लावून चूक झाकता आली असती, मग नाडी का?

"कळी लावली असती तर बंडी एकट्या आत्याची झाली असती," समीक्षा म्हणाली. "आता ती सगळ्या बाजाराची हाय."

मॅडमनी मला हातात घेतलं, केरबाकडे पाहिलं आणि विचारलं की ह्या टेपावर किती माणसं मोजली. केरबा म्हणाला, मुखेडात विचारा. संध्याकाळी निकाल लागला. जूनपासून समीक्षा लातूरच्या स्टुडिओत! आत्यानं बंडीच्या पाचव्या खिशातून पेढे काढले, म्हणजे तिला आधीपासूनच खात्री होती.

मित्रांनो, आता मी पुन्हा मुखेडला आहे. खिळा तोच आहे, पण कात्रीला वेगळा खिळा मिळाला. माझं एकच मागणं आहे. तुमच्या हातातल्या हत्याराला त्याचं काम द्या, दुसऱ्याचं ओझं देऊ नका. टेपाला गुंडाळून ठेवा. आणि तो खोटा झालाच, तर लाजू नका, वेळेवर सांगा. माझा दीड इंच कुणी आधी सांगितला असता तर एका पोरीचे दोन दिवस जीवघेणे गेले नसते.

एक गोष्ट सांगायची राहिली. जयंतीच्या आदल्या दुपारी केरबा शेवटच्या शर्टाला बटणं लावत होता. समीक्षा नवं पांढरं कापड घेऊन आली आणि त्याला उभं राहायला म्हणाली. तो नको नको म्हणत होता. तिनं मला खिळ्यावरून काढलं.

"ज्या टेपानं माणूस मोजला त्याच टेपानं कापड मोजते. काळजी करू नका," ती म्हणाली.

आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मी केरबाच्या छातीवरून फिरलो. आकडा आला छत्तीस. पण मित्रांनो, मी थोडं कमीच सांगतो, हे तुम्हाला आता माहीत आहे. केरबाची छाती त्याहून मोठी आहे.