कुंपणालगतची बोअर

आईच्या हातात फिरकीचा तांब्या दिसला की दादा खिडकीत जाऊन उभा राहायचा.

आई राहायची दादाकडे. जेवणखाण, गुडघ्याचं तेल, चष्म्याची काच, रात्रीची गोळी, सगळं दादाकडचं. पाणी मात्र धाकट्याकडचं. धाकट्याचं घर कुंपणापलीकडेच होतं. दुपारचा चहा झाला की आई दादाच्या फाटकातून बाहेर पडायची, धाकट्याच्या फाटकातून आत शिरायची आणि चांगला तासभर तांब्या भरायची. दादाची सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली होती. तांब्याभर पाण्याला तास लागत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण त्याने सगळा संशय पाण्यावरच ठेवला. बाकीच्या गोष्टींवर ठेवायचा तर झोप उडाली असती.

"धाकट्याच्या बोअरच्या पाण्याला चव आहे रे," आई म्हणायची. "तुझं नळाचं पाणी कसं सरकारी लागतं."

सरकारी म्हटल्यावर दादाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने बोअर घ्यायचं ठरवलं. नळ धो धो वाहतोय, टाकी भरून सांडतेय, मग बोअर कशाला, असं बायकोने विचारलं. दादा म्हणाला, बागेसाठी. बागेत दोन कुंड्या होत्या. त्यातल्या एकीत बायको कपड्यांचे चिमटे ठेवायची.

ठरल्या दिवशी बोअरची गाडी आली. गाडीवाल्याने अंगणात फेरी मारली आणि मागच्या कोपऱ्यात, धाकट्याच्या बोअरपासून होता होईल तेवढी लांबची जागा दाखवली. दादाने मान हलवली आणि त्याला हाताला धरून कुंपणापाशी नेलं. पलीकडे धाकट्याच्या बोअरचं तोंड दिसत होतं, मधे फक्त तारा.

"साहेब, इतक्या जवळ घेत नाहीत. एकाच झऱ्यात दोघं येता," गाडीवाला म्हणाला.

"मला तोच झरा हवाय," दादा म्हणाला. शेजारणीने नेसलेल्या साडीकडे बोट दाखवून दुकानदाराकडे तश्शीच मागावी, तसा त्याचा सूर होता.

गाडी सुरू झाली. घराच्या खिडक्या थरथरल्या, दगडाची राखाडी भुकटी वाळत घातलेल्या चादरींवर बसली, बायकोने कपाळावर हात मारला. पाणी लागलं तेव्हा गाडीवाला थांबायच्या बेतात होता. दादाने विचारलं, धाकट्याची किती खोल? आणि तिच्याही खाली नेल्याशिवाय त्याने गाडी हलू दिली नाही. खाली आणखी पाणी नव्हतं. पण दादाच्या जिवाला थंडावा मिळाला.

पंप सोडायच्या वेळी धाकटा तारांखालून वाकून आला आणि बिनबोलावता पाइप धरायला उभा राहिला. त्याचा हाच मोठा दोष होता. त्याच्याशी भांडावं असं काही तो हाती लागू देत नसे. दादा लहानपणापासून शोधत होता.

पहिला पेला आईला. आईने घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला.

"बरं आहे," ती म्हणाली. आणि तांब्या उचलून पलीकडे गेली.

पंपवाल्याने जाताना सांगितलं होतं, नवी बोअर आहे, एकदा ब्लीचिंग पावडर कालवून ओता, रात्रभर राहू द्या, मग वास जाईपर्यंत पंप चालवा. दादाने तसं केलं. दुसऱ्या दिवशी आपल्या पाण्याचा वास घालवून तो ओसरीत बसला होता, तेवढ्यात आई निघाली तशीच परत आली. तांब्या रिकामा. धाकट्याकडच्या पाण्याला म्हणे दवाखान्याच्या फरशीसारखा वास मारतोय.

दादाच्या ध्यानात यायला क्षणही लागला नाही. पावडर आपण इकडे ओतली, वास तिकडे निघाला. म्हणजे खाली पाणी एकच. आई, तुझी ती चव माझ्याही पेल्यात आहे, असं ठणकावून सांगायला तो उठलासुद्धा. पण आई खुर्चीत बसली, त्याच्याच बोअरचं पाणी प्याली, आणि मामाच्या तिसऱ्या मुलीचं लग्न कसं मोडलं ते पहिल्यापासून सांगू लागली. तासभर. दादा परत खाली बसला.

असे तीन-चार दिवस मजेत गेले. मग धाकट्याचं पाणी निवळलं आणि तांब्या पुन्हा कुंपणापलीकडे जाऊ लागला. दादाने पुन्हा पावडर आणली. या वेळी दुप्पट.

यात एकच अडचण होती. धाकट्याचं पाणी बिघडायला हवं तर आधी आपलं बिघडवावं लागे, आणि त्याचं बिघडलेलं राहावं म्हणून आपलं साफ करता येत नसे. बायकोचे केस झाडूसारखे झाले. चहाला तरणतलावाचा वास येऊ लागला. दादा तो चहा मिटक्या मारत प्यायचा आणि बायकोला सांगायचा, खनिजं आहेत. आईने एकदा त्याचा पेला नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

तिकडे धाकट्याने पंप वर काढला, पाइप तपासले, टाकीत स्वतः उतरून ती घासली. काही सापडलं नाही. शेवटी कुंपणाशी येऊन त्याने विचारलं, दादा, तुझ्याकडे येतो का रे वास? नाही बुवा, असं दादाने लाल झालेल्या डोळ्यांनी सांगितलं.

त्यानंतर एका दुपारी आईने तांब्या उचलला. दादा खिडकीत होताच. ती फाटकाबाहेर गेली, धाकट्याचं फाटक आलं, ते मागे पडलं, रस्ता ओलांडला आणि ती सुताराच्या आवारात शिरली. सुताराकडे जुनी विहीर होती. तिथे तिला सव्वा तास लागला. परत आली तेव्हा केसांत लाकडाचा भुसा होता आणि ती कशावर तरी एकटीच हसत होती.

दुसऱ्या दिवशीही तेच. आता दादा बाहेर येऊन कुंपणापाशी, आपल्या बोअरच्या कट्ट्यावर बसला. थोड्या वेळाने पलीकडून धाकटा आला. दोघांनी सुताराच्या फाटकाकडे पाहिलं. आत करवतीचा आवाज थांबला होता.

"सुतार बोलतो तरी काय एवढं?" धाकटा म्हणाला.

दादाने खांदे उडवले. इतक्या वर्षांत धाकट्याच्या तोंडावर असली जळजळ दादाने कधी पाहिली नव्हती, आणि ती त्याला शोभून दिसत होती.

"त्याची विहीर इथून किती लांब असेल रे, दादा?"

दादाने रस्त्याकडे बघून अंदाज घेतला. "लांब आहे. पावडर पोचायची नाही."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. धाकट्याने आधी दादाकडे पाहिलं, मग त्याच्या बोअरकडे, मग आपल्या. दादा मान खाली घालून वाट बघत राहिला. निदान आज तरी भांडण होईल.

सुताराच्या आवारातून आईचं हसू ऐकू आलं. धाकटा तारांखालून वाकून अलीकडे आला.

"चौपट टाकली तरी?" त्याने हळूच विचारलं.

दादा सरकला आणि त्याला कट्ट्यावर जागा करून दिली.