बाभळीची तुळई

माझी धाकटी जाऊ तेसेई हट्टी, हे मी पहिल्यापासून सांगत आले. ऐन उन्हाळ्यात तिच्या बैलाच्या रहाटाचा आख मोडला, नाईलला पूर यायला अजून अवकाश, आणि तिच्या द्राक्षवेलींनी माना टाकलेल्या. चाक ज्या दांड्यावर फिरतं तो आख बाभळीचाच लागतो. आमच्याकडच्या बाभळी सगळ्या मोठ्या घराच्या, म्हणजे जमीनदाराच्या.

मोठं घर आख फुकट देतं. घेताना पपायरसवर फुली मारायची, बस्स. मी बांधील, माझी पोरंबाळं बांधील, ही जमीन सोडून कुणी जाणार नाही. वाटण्या झाल्यावर माझ्या नवऱ्यानं मारली तशी. आता माझ्या लेकाला शेजारच्या गावच्या जत्रेलाही विचारून जावं लागतं. जळो ती फुली.

तेसेई विधवा. तिची लेक मिक्के नदीपलीकडच्या कुंभाराला देऊ केलेली. फुली पडली की पोरगी इथंच कुजणार.

मोठ्या घराचा कारभारी सेरेनोस गाढवावर आख लादूनच आला. "घ्या बाई, वेली कशाला मारता?"

"परत न्या," तेसेई म्हणाली. "गाढव दमलं असेल तर पाणी पाजा आधी."

"पाणी आहे कुठं तुमच्याकडं?"

"उद्या या, दाखवते."

तो हसत गेला. ती तडक माझ्या दारात. "जाऊबाई, करवत द्या."

तिच्या घराच्या छताला बाभळीची एकच तुळई, सासऱ्यांनी घातलेली. मला लगेच कळलं.

"डोकं फिरलं का तुझं? घर उघडं पडेल."

"पडू दे. घर उघडं चालेल, पोरगी बांधलेली नाही चालणार."

सुतार कारभाऱ्याला भिऊन शेतात पळाला. मग आम्हीच छताची माती पाडली, तुळई उतरवली. करवतीचं दुसरं टोक मी धरलं आणि तिला तोंडभर शिव्या घातल्या. हाताला फोड आले, पण इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सेरेनोस आला तेव्हा नव्या आखावर रहाट फिरत होता, पाटाला पाणी लागलं होतं. त्यानं घराकडं बघितलं. भिंती उभ्या, वर नुसतं ऊन.

"हाही आख मोडेल एक दिवस," तो म्हणाला.

"मोडेल की. तोवर मिक्के नदीपलीकडं असेल."

त्यानं माझ्याकडं वळून विचारलं, "तू इथं काय करतेस? तुम्ही तर आमची माणसं."

"बैल हाकतेय," मी म्हटलं आणि बैलाच्या पाठीवर थाप मारली.